बॉल तोच, तेल वेगळे: तिसऱ्या गेमपर्यंत नेमके काय बदलले?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण तुम्ही विचारले आहे एक आणि तुम्ही दिलेली माहिती बोट दाखवते भलतीकडेच. तुम्ही लिहिता की मिशिगनमधील तुमच्या नेहमीच्या सेंटरमध्ये दोन वर्षे बॉलिंगची लीग खेळून तुमची सरासरी १८२ वर आली आहे. मागच्या हंगामात तुम्ही सॉलिड रिअ‍ॅक्टिव्ह (म्हणजे लेनवर लवकर पकड घेणाऱ्या) आवरणाचा, मॅट फिनिशचा १५ पौंडांचा बॉल घेतलात आणि तो तेथे उत्तम चालतो. परंतु शेजारच्या गावातील स्पर्धेत त्याच बॉलने तुमचे गुण अनुक्रमे १५८, १४१ आणि १२९ झाले. पत्रकावर पॅटर्नची, म्हणजे लेनवर तेल पसरण्याच्या आखणीची, लांबी ४२ फूट, तेल २६ मिलिलीटर आणि मध्य व कड यांच्या तेलाचे गुणोत्तर ३ ला १ असे छापलेले होते. पहिल्या गेममध्ये बॉल पॉकेटच्या, म्हणजे पहिल्या व तिसऱ्या पिनमधल्या फटीच्या, उजवीकडेच राहत होता, दुसऱ्यात तो पहिल्या पिनच्या नाकावर बसून स्प्लिट, म्हणजे एकमेकींपासून दूर उभ्या पिना, ठेवत होता, आणि तिसऱ्यात पॉकेट सापडूनही उजव्या कोपऱ्यातील दहा क्रमांकाची पिन हलत नव्हती. यावरून तुमचा प्रश्न असा, की आणखी जोरात हुक होणारा, म्हणजे वळणारा, बॉल घ्यावा का.

माझे उत्तर ‘सध्या तरी नको’ असे आहे. तुमच्या तीन गेममधील तीन तक्रारींचे मूळ एकच नाही. पहिल्या आणि तिसऱ्या गेमची कारणे तर एकमेकांच्या विरुद्ध आहेत, आणि तरीही पिनांकडे पाहणाऱ्याला दोन्ही वेळा एकच वाटते: बॉलमध्ये दम नाही. मी गेली २२ वर्षे लीग खेळतो आणि त्यांतील ११ वर्षे शनिवार-रविवारी एका प्रो शॉपच्या, म्हणजे बॉलिंगच्या साहित्याच्या दुकानाच्या, काउंटरमागे बॉलला छिद्रे पाडून देण्याचे काम करतो. ‘दम नाही’ असे म्हणत आलेल्या माणसाला नवा बॉल विकणे फार सोपे असते, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो आहे.

आधी लेनकडे पाहू. फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल टाकताना ओलांडायची नसते त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, रुंदी सुमारे साडेएक्केचाळीस इंच, आणि त्या रुंदीत ३९ फळ्या, ज्यांना आपण बोर्ड म्हणतो व उजव्या हाताचा खेळाडू उजव्या गटरपासून मोजतो. लाकडी लेनच्या काळात तेल लावत ते लाकूड घासले जाऊ नये म्हणून. आता बहुतेक लेन कृत्रिम पृष्ठभागाच्या आहेत, पण तेल राहिले, आणि राहिले एवढेच नव्हे तर ते किती लांब, किती जाड आणि कोणत्या बोर्डवर किती ओतायचे यावर खेळ ठरू लागला. यंत्र लेनवरून जाते, आधीचे तेल पुसते आणि नवा थर देते. तो साधारण ३५ ते ४५ फुटांपर्यंत असतो आणि त्यापुढची लेन कोरडी असते. हा थर इतका पातळ आणि पारदर्शक असतो की फाउल लाइनवर वाकून दिव्याच्या उजेडात पाहिले तर पुढचा भाग चकाकताना दिसतो, पण त्या चकाकीत कोठे जास्त आणि कोठे कमी हे डोळ्यांना कळत नाही.

तुमच्या सेंटरमध्ये रोज जो पॅटर्न घालतात, त्याला हाउस शॉट म्हणतात. त्यात मधल्या बोर्डांवर तेलाचा ढीग असतो आणि कडेच्या बोर्डांवर अगदी थोडे. मध्य आणि कड यांचे प्रमाण ८ ला १ किंवा १० ला १ इतकेही असते. याचा परिणाम असा, की तुमचा बॉल दोन-तीन बोर्ड उजवीकडे सुटला तर तो कोरड्यात जातो, पकड घेतो आणि परत येतो, आणि तितकाच डावीकडे सुटला तर तेलात घसरत राहतो व पॉकेटलाच लागतो. शेताच्या पाटाला दोन्ही बाजूंनी बांध असावेत आणि पाणी आपोआप मधून जावे, तसे ते आहे. गिऱ्हाईक खूश राहावे म्हणून सेंटरवाले तो तसा घालतात आणि त्यात गैर काही नाही. परंतु तुमच्या १८२ मधले काही गुण त्या बांधांचे आहेत, हे धरून चालावे लागेल. स्पर्धेतील ३ ला १ च्या पॅटर्नमध्ये हे बांध जवळजवळ सपाट केलेले असतात. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण दुसऱ्याला हिणवायला वापरतो, पण बॉलिंगमध्ये अंगण खरोखरच वाकडे असते: लेनच्या पृष्ठभागाला इंचाच्या ४० सहस्रांशांपर्यंतचा, म्हणजे सुमारे एक मिलिमीटरचा उंचसखलपणा नियमानेच चालतो, आणि त्यावर तेल कसे पसरायचे हे आयोजक ठरवतात.

आता पहिला गेम. तुम्ही घरी, म्हणजे नेहमीच्या सेंटरमध्ये, लेनवर आखलेल्या दुसऱ्या बाणावरून, म्हणजे दहाव्या बोर्डवरून बॉल बाहेर सोडता आणि तो सहाव्या-सातव्या बोर्डपर्यंत जाऊन वळतो, असे तुम्ही लिहिले आहे. स्पर्धेतही तुम्ही तसाच टाकला. घरी सहाव्या बोर्डवर तेल नावापुरते असते, त्यामुळे पॅटर्न ४० फुटांचा असला तरी बॉल बराच आधी जमीन पकडू लागतो. येथे सहाव्या बोर्डवरही पुरेसे तेल होते आणि ते ४२ फुटांपर्यंत होते. उरलेल्या १८ फुटांत बॉलला सहाव्या बोर्डवरून साडेसतराव्या बोर्डपर्यंत, म्हणजे जवळजवळ एक फूट आडवे यायचे होते. ते शक्य नव्हते. आमच्यात एक ढोबळ नियम सांगतात: पॅटर्नच्या लांबीतून ३१ वजा करा, जे उरेल त्या बोर्डच्या आसपास बॉलने वळण घ्यायला हवे. ४२ वजा ३१ म्हणजे अकरावा बोर्ड. म्हणजे त्या दिवशी तुम्हाला उभे राहण्याची जागा आणि लक्ष्य असे बदलायला हवे होते की बॉल अकराव्याच्या बाहेर जाणारच नाही. लांब पॅटर्नवर कोन कमी करायचा, वाढवायचा नाही. बॉल कमी वळतो आहे असे दिसताच माणसाला त्याला आणखी बाहेर फेकून मोठे वळण घ्यायला लावावेसे वाटते, आणि नेमके तेच अंगलट येते. आखूड पॅटर्नवर, समजा ३३-३४ फुटांच्या, याच नियमाने ब्रेकपॉइंट, म्हणजे बॉल वळण घेतो ती जागा, दुसऱ्या-तिसऱ्या बोर्डवर जातो आणि तेथे गटरच्या कडेने खेळावे लागते. तेव्हा हा नियम कोष्टक म्हणून नव्हे, तर सुरुवात कोठून करावी याचा अंदाज म्हणून जवळ ठेवा.

दुसऱ्या गेमबद्दल तुम्ही फारसे लिहिलेले नाही, पण ‘मी थोडा सावकाश टाकू लागलो आणि हात जास्त फिरवला’ हे एक वाक्य पुरेसे आहे. वेग कमी झाला की बॉलला लेनवर घर्षण मिळवायला वेळ जास्त मिळतो आणि तो लवकर वळतो. त्यातच सपाट पॅटर्नची दुसरी बाजू पुढे येते: एकूण तेल तुमच्या घरच्याइतकेच असले तरी ते कडांपर्यंत पसरवलेले असल्यामुळे मध्यभागी घरच्यापेक्षा कमी असते. घरी आत सुटलेला बॉल तेल धरून ठेवते; येथे आत सुटलेला बॉल धरायला कोणी नव्हते. तो नाकावर बसला. याला बॉलचा काही इलाज नाही.

तिसरा गेम खरा समजून घेण्याजोगा आहे, आणि येथे मला जरा मागे जावे लागेल.

बॉल हातातून सुटल्यापासून पिनांपर्यंत पोहोचायला सुमारे अडीच सेकंद घेतो आणि तेवढ्यात तीन अवस्थांतून जातो. आधी तो तेलावर घसरतो: पुढे जाण्याचा वेग जास्त, फिरण्याचा त्या मानाने कमी आणि फिरण्याचा अक्षही तिरका. मग घर्षण वाढते, अक्ष सरळ होऊ लागतो, बॉल वळतो, हा हुक. शेवटी फिरणे आणि पुढे जाणे यांचा मेळ बसतो आणि बॉल घसरण्याचे पूर्ण थांबवून नुसता गडगडतो. तो एकदा गडगडू लागला की यापुढे वळत नाही, ज्या दिशेला तोंड असेल त्या रेषेत जातो. पिनांना आदळताना बॉल नुकताच गडगडायला लागलेला असावा, हे सर्वोत्तम. अमेरिकेतील बॉलिंगची नियामक संस्था यूएसबीसी हिच्या चाचण्यांतून स्ट्राइकसाठी सुमारे ६ अंशांचा प्रवेशकोन सर्वांत अनुकूल दिसला आहे, आणि सरळ टाकलेल्या बॉलला दीड-दोन अंशांपलीकडे तो मिळत नाही. बॉल जर वीस फूट आधीच गडगडू लागला, तर हा कोनही जातो आणि पिनांमधून पुढे रेटत जाण्याची ताकदही जाते. तो पहिल्या पिनला लागून उजवीकडे ढकलला जातो, सहा क्रमांकाची पिन मलूलपणे गटरमध्ये आडवी पडते आणि दहा क्रमांकाची उभी राहते.

एका लेनच्या जोडीवर ८ खेळाडू होते असे धरले, तर पहिल्या दोन गेममध्ये प्रत्येक लेनवर सव्वाशेच्या आसपास फेकी झाल्या असतील, आणि त्यांतील बहुतेक तुमच्यासारख्याच खरखरीत रिअ‍ॅक्टिव्ह बॉलच्या. हे बॉल तेल पितात, अगदी शब्दशः. आवरणातील सूक्ष्म छिद्रांत ते शोषले जाते. त्यामुळे सगळे ज्या रेषेवरून खेळतात तेथील पुढच्या भागातले तेल तिसऱ्या गेमपर्यंत उडालेले असते. तुमचा मॅट बॉल तेथे २५ फुटांवरच पकड घेऊ लागला, लवकर वळला, लवकर गडगडला आणि पॉकेटला पोहोचेपर्यंत दमला. पहिल्या गेममध्ये त्याला घर्षण मिळाले नाही म्हणून तो निर्जीव वाटला, तिसऱ्यात अति मिळाले म्हणून. पहिल्यावर उपाय जोरकस बॉल हा असू शकला असता. तिसऱ्यावर तोच उपाय केला असता तर आगीतून फुफाट्यात पडला असता.

मी पडलो आहे. १४ वर्षांपूर्वी एका दोन दिवसांच्या स्पर्धेत पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर सात वेळा दहा क्रमांकाची पिन उभी राहिली. संध्याकाळी मी तेथल्या दुकानातून त्या हंगामातला सर्वांत आक्रमक म्हणून मिरवणारा, ५०० ग्रिटपर्यंत घासलेला (ग्रिटचा आकडा जितका लहान, तितका पृष्ठभाग खरखरीत) सॉलिड बॉल घेतला, तेथेच छिद्रे पाडून घेतली आणि दुसऱ्या दिवशी, दोन तुकड्या खेळून गेलेल्या त्याच लेनवर तो टाकला. तो बाणांच्या पुढे जाता जाताच डावीकडे तोंड करू लागायचा. पॉकेट कसेबसे मिळायचे, आणि दहाच्या जोडीला कधी कधी पाच क्रमांकाची, म्हणजे अगदी मधोमधची पिनही उभी! १३१ गुण झाले. शेजारच्या लेनवर साठी उलटलेले एक गृहस्थ चकचकीत जुना बॉल घेऊन दोनशेच्या वर खेळत होते. त्यांनी माझ्याकडे पाहून फक्त स्वतःच्या बॉलवर टॉवेल फिरवला आणि तो उलटा करून मला दाखवला. टॉवेल जवळजवळ कोरडा होता.

दर फेकीनंतर बॉल परत आला की पुसण्याआधी त्याच्याकडे पाहा, ही सवय मला त्या दिवशी लागली. बॉलवर तेलाच्या बारीक कड्या उमटलेल्या असतात, एकीपासून दुसरी थोडी सरकलेली. ताज्या लेनवर त्या ओल्या आणि ठळक असतात आणि मायक्रोफायबरच्या फडक्यावर डाग सोडतात. तिसऱ्या गेमपर्यंत त्या पुसट झाल्या, फडके ओले होईनासे झाले, की समजावे पुढचे तेल गेले. दुसरी खूण डोळ्यांनी पाहायची. आपण सगळे पिनांकडे पाहतो, कारण गुण तेथे असतात. पाहायला हवे ते बॉल कोणत्या फुटावर तोंड फिरवतो आणि नंतर पिनांपर्यंत वळतच राहतो की सरळ रेषेत जातो हे. शेवटच्या दहा-पंधरा फुटांत बॉल सरळ धावत असेल आणि दहा क्रमांकाची पिन उरत असेल, तर तो आधीच गडगडला आहे. शेवटपर्यंत घसरत जाऊन उशिरा, जेमतेम तोंड वळवत असेल, तर त्याला घर्षण मिळालेले नाही. मागून मित्राला मोबाइलवर संथ गतीने चित्रीकरण करायला सांगितलेत तर दोन फेकींत हा फरक दिसतो.

तिसऱ्या गेममध्ये मग करायचे काय होते? पाय डावीकडे दोन बोर्ड, लक्ष्य डावीकडे एक बोर्ड; बॉल तेल शिल्लक असलेल्या जागेतून जाईल. पुरले नाही तर पुन्हा तेवढेच. सपाट पॅटर्नवर मी एका वेळी यापेक्षा मोठी उडी सहसा मारत नाही. आणि पिशवीत दुसरा बॉल असेल तर तो चकचकीत, कमी आक्रमक हवा. डावखुऱ्यांना हा त्रास कमी होतो, कारण त्यांच्या बाजूला खेळणारेच थोडे असतात. त्यांचा हेवा करण्यात मी बरीच वर्षे घालवली आहेत.

आता बॉलबद्दल, कारण तुमचा मूळ प्रश्न त्याबद्दल आहे. बॉलच्या वागण्यावर सर्वांत जास्त परिणाम आवरणाच्या पृष्ठभागाचा होतो, हे केवळ माझे मत नाही. यूएसबीसीने बॉलच्या गतीवर केलेल्या अभ्यासातही पृष्ठभागाच्या खरखरीतपणाचे मोजमाप सर्वांत वरच्या घटकांत आले. १९६० च्या दशकापासून चाललेले प्लास्टिकचे, म्हणजे पॉलिएस्टरचे बॉल तेलाची फारशी दखल घेत नाहीत, ते सरळ जातात. मॉलमध्ये भाड्याने मिळणारे बॉल याच जातीचे, आणि म्हणून मुंबई-पुण्यात मौजेखातर खेळलेल्या आपल्यापैकी अनेकांना लेनवर तेल असते हे अमेरिकेत येऊन लीगमध्ये उतरेपर्यंत ठाऊकही नसते. १९८० च्या दशकात युरेथेन आले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन. युरेथेन लवकर पण हळुवारपणे वळते आणि तेल शोषत नाही, उलट ते पुढे कोरड्या भागात ढकलत नेते. त्यामुळे तुमच्या जोडीवर दोघे-तिघे युरेथेन टाकत असतील, तर तुमच्या बॉलला शेवटी अनपेक्षित घसरण मिळू शकते. रिअ‍ॅक्टिव्हमध्ये सॉलिड आवरण लवकर पकड घेते, अभ्रकाची पूड मिसळलेले पर्ल आवरण लांब घसरून शेवटी झटकन वळते, आणि हायब्रिड या दोहोंच्या मध्ये.

पण हे वर्गीकरण कारखान्यातून निघालेल्या बॉलला लागू पडते. तुमचा बॉल कारखान्यातून २००० ग्रिटच्या फिनिशने आला होता आणि तुम्ही त्यावर ७० हून अधिक गेम खेळला आहात. ‘फडक्याने पुसतो’ यापलीकडे तुम्ही काही केलेले दिसत नाही. म्हणजे आज तो २००० ग्रिटचा नाही. लेनवर घासून खरखरीतपणाची टोके झिजतात आणि चाकोरीचा भाग गुळगुळीत होतो; शिवाय छिद्रांत तेल भरलेले असल्याने तो नवे तेल पूर्वीसारखे ओढत नाही. खिडकीजवळ नेऊन तिरका धरा, कड्यांचा पट्टा बाकीच्या बॉलपेक्षा चमकताना दिसेल. पहिल्या गेममध्ये त्याला घर्षण मिळाले नाही, त्यात कोनाइतकाच या चमकेचा हात असावा असा माझा अंदाज आहे; घरी कोरड्या कडेने हा दोष झाकला होता.

हे दुरुस्त करायला नव्या बॉलच्या किमतीचा एक छोटा अंश लागतो. बोटांची छिद्रे जाड चिकटपट्टीने घट्ट बंद करा, बादलीत नळाचे गरम पाणी, सुमारे ५५ अंश सेल्सिअसपर्यंतचे, घ्या, त्यात भांडी घासण्याच्या साबणाचे काही थेंब टाका आणि बॉल वीस मिनिटे बुडवून ठेवा. बाहेर काढाल तेव्हा घामासारखे पिवळसर थेंब आवरणावर डवरलेले दिसतील. ते पुसा, पाणी बदला, थेंब येईनासे होईपर्यंत पुन्हा करा. उकळते पाणी किंवा ओव्हन मात्र नको, आवरणाला तडे जातात. मिशिगनच्या हिवाळ्यात बॉल गाडीच्या डिकीत रात्रभर ठेवणेही त्याच कारणाने टाळा. मी दुकानात दर जानेवारीत असे तडकलेले एक-दोन बॉल पाहतो. बॉल कोरडा झाला की प्रो शॉपमध्ये फिरत्या यंत्रावर २००० च्या पॅडने सर्व बाजूंनी सारखा घासून घ्या, किंवा लांब पॅटर्नवर खेळायचे असेल तर १००० ने. मी स्वतः स्पर्धेच्या बॉलवर सहा ते नऊ गेमनंतर पॅड फिरवतो आणि ५०-६० गेमनंतर तेल काढतो. एक नियम लक्षात असू द्या: अधिकृत स्पर्धेत खेळ सुरू झाल्यावर पृष्ठभाग घासता येत नाही, आणि १ ऑगस्ट २०१९ पासून खेळ चालू असताना द्रव लावून बॉल साफ करायलाही यूएसबीसीने मनाई केली होती; सध्या काय चालते हे आयोजकांना विचारून घ्या. तेव्हा पॅडचा निर्णय सरावाच्या वेळेपर्यंतच घ्यावा लागतो.

गाभ्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण जाहिराती त्यावरच भर देतात आणि तुमच्या अडचणीत त्याचा वाटा लहान आहे. गाभ्याच्या आकारामुळे बॉल किती लवकर फिरू लागतो आणि त्याचा अक्ष किती सरकतो हे ठरते. अक्ष सरकल्यामुळेच दर फेऱ्याला बॉलचा कोरडा भाग लेनला लागतो आणि त्या कड्या वेगवेगळ्या उमटतात. छिद्रे कोठे पाडली यानेही फरक पडतो. पण गुळगुळीत आणि तेलाने भरलेल्या आवरणाखाली उत्तम गाभा असला, तरी त्याला काम करायला घर्षणच मिळत नाही.

येथपर्यंत मी ठामपणे लिहिले. आता परिस्थितीवर अवलंबून असलेले. तुम्ही पडद्यावर ताशी १५ मैलांचा वेग दिसतो म्हणता. पडद्यावरचा आकडा लेनवर पुढे गेलेल्या बॉलचा असतो, सुटतानाचा वेग त्याहून जास्त असतो, त्यामुळे तुम्ही मध्यम वेगाचे खेळाडू आहात असे मी धरले आहे. मिनिटाला किती फेरे देता हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि तेच निर्णायक आहे. २०० च्या आसपास फेरे असतील तर ४२ फुटांच्या पॅटर्नवर खरखरीत बॉल तुम्हाला खरोखर लागेल आणि तो तिसऱ्या गेमपर्यंतही चालू शकेल. ३५० च्या वर असतील तर तोच बॉल दुसऱ्या गेममध्येच पिशवीत जाईल. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमॉन्टी किंवा फिनलंडचा ओस्कू पालेर्मा यांच्यासारखे दोन्ही हातांनी टाकणारे खेळाडू इतके फेरे देतात की त्यांच्या चित्रफिती पाहून आपली रेषा ठरवणे व्यर्थ आहे. तुमच्या जोडीवर असा एखादा तरुण असेल, तर मात्र त्याच्यावर डोळा ठेवा, कारण लेनचे तेल तो सर्वांच्या आधी संपवतो.

सरावाची दहा मिनिटे बहुतेक लोक स्ट्राइक मिळवण्यात घालवतात. मी पहिली फेक ३१ च्या नियमाने काढलेल्या रेषेवर टाकतो आणि फक्त ब्रेकपॉइंट पाहतो. दुसरी जाणूनबुजून तीन बोर्ड बाहेर: परत येते का? तिसरी तीन बोर्ड आत: टिकते का, की नाकावर जाते? या तीन फेकींवरून बांध आहेत की नाहीत हे कळते. मग शेजारच्या लेनवर हेच, कारण जोडीतील दोन लेन सारख्या नसतात; दाराकडच्या किंवा बाहेरच्या भिंतीलगतच्या लेन थंडीत वेगळ्याच वागतात, असे आमच्या सेंटरमध्ये मी दर हिवाळ्यात पाहतो. शेवटच्या दोन फेकी दहा आणि सात क्रमांकाच्या पिनांसाठी.

त्यावरून तुमच्या खरेदीचा क्रम. खर्च करायचाच असेल तर पहिला बॉल साध्या प्लास्टिकचा घ्या. तुमच्या १२९ मध्ये तुम्ही दहा क्रमांकाची पिन पाच वेळा चुकवलीत असे लिहिता. हुक होणाऱ्या बॉलने उजव्या कोपऱ्यातील पिन मारायला गेले की तेलाची प्रत्येक लहर तुमच्या वाट्याला येते, प्लास्टिक त्या लहरींना जुमानत नाही. त्यानंतर कधीतरी, सध्याच्या बॉलपेक्षा सौम्य, चकचकीत पर्ल बॉल, तिसऱ्या गेमसाठी. तुम्ही विचारलेला अधिक जोरकस बॉल तिसऱ्या क्रमांकावर येतो, आणि तोही तेल काढलेला व घासलेला तुमचा आताचा बॉल ताज्या, लांब पॅटर्नवर अकराव्या बोर्डवरून खेळूनही उजवीकडे राहू लागला तरच.

बादलीचा प्रयोग या आठवड्यात करा आणि पुढच्या लीगच्या रात्री मागून एक चित्रफीत काढा. बॉलवर पांढऱ्या चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून सरावात एक फेक संथ गतीने टिपलीत, तर फेरे मोजता येतील; तो आकडा आणि बॉल कोणत्या फुटावर तोंड फिरवतो हे येथे लिहा, म्हणजे पॅड १००० चे की २००० चे, हे मला अंदाजाने सांगावे लागणार नाही.